ग्लासातलं लिंबू: ‘क्रिस्प’ व्हाइट वाइन म्हणजे काय आणि ती कशाबरोबर प्यावी

व्हाइट वाइनच्या बाटलीमागचं लेबल वाचायला घेतलं की एक शब्द हटकून भेटतो: क्रिस्प. बिस्किट क्रिस्प असतं, भाजलेला पाव क्रिस्प असतो, इथवर ठीक. पण पातळ पदार्थ कुरकुरीत कसा असेल? बरीच वर्षं मला ही जाहिरातवाल्यांची चलाखी वाटायची. मग लक्षात आलं, की नव्या नोटेला आपणही ‘करकरीत’ म्हणतो आणि ती नोट कुणी चावून बघितलेली नसते. कडा धारदार आहेत, कुठे मऊ पडलेलं नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. वाइनच्या बाबतीत या कडा घडवते एकच गोष्ट, आणि ती म्हणजे आंबटपणा.

दोन कारणांनी हा आंबटपणा सध्या चर्चेत आहे. द्राक्ष आणि वाइन यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘ओआयव्ही’ हिने २०२३ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार २०१३ पासून जगात रेडपेक्षा व्हाइट वाइन जास्त तयार होते आहे. म्हणजे लोकांची आवड ताज्या, हलक्या, थंडगार वाइनकडे झुकली आहे. दुसरं कारण नेमकं उलट्या दिशेचं: हवामान तापतंय, आणि ज्या आंबटपणासाठी लोक ही वाइन घेतात तो टिकवणं द्राक्षबागांना जड जायला लागलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या पदार्थावर लिंबू पिळावंसं वाटतं, त्या पदार्थाबरोबर क्रिस्प व्हाइट वाइन जमते. ग्लासाकडे लिंबाची फोड म्हणून बघा. पुढचा सगळा लेख म्हणजे यामागची कारणं, आणि हा नियम कुठे तोंडावर पडतो त्याचा हिशेब.

## आधी व्हाइट वाइन होते कशी

द्राक्ष काळं असो वा हिरवं, बहुतेक सगळ्या जातींच्या आतला रस फिकटच असतो. रंग असतो सालीत. साली आणि बिया रसातच ठेवून आंबवलं की रेड वाइन होते. द्राक्षं दाबून रस आधी वेगळा काढला आणि मग आंबवला, की व्हाइट. म्हणूनच काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन करता येते. शँपेनमध्ये हे सर्रास चालतं. तिथली पिनो न्वार ही मुख्य जातींपैकी एक आणि ती चक्क काळी.

सालीतून फक्त रंगच येतो असं नाही. टॅनिनही येतं. टॅनिन म्हणजे कोरा चहा जास्त उकळल्यावर जीभ खरबरीत करणारा तुरट पदार्थ. रेड वाइनला कणा देतो तो हा तुरटपणा. व्हाइटमध्ये टॅनिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथे कण्याचं काम आंबटपणाला एकट्याने करावं लागतं. आंबटपणा कमी पडला तर व्हाइट वाइन मिळमिळीत होते, सरबतात लिंबू पिळायला विसरल्यासारखी.

आणखी एक शब्द इथेच निकालात काढू: ड्राय. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. जवळपास सगळी साखर संपली तर ती वाइन ड्राय. याचं भाषांतर ‘कोरडी’ असं केलं की अर्थ हरवतो. ‘गोड नसलेली’ एवढंच त्यात अभिप्रेत आहे. युरोपीय संघाच्या नियमांत लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय ठरते, पण वाइन पुरेशी आंबट असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं, की आंबट असेल तिथे थोडी साखर जिभेला कळतच नाही.

ड्राय आणि क्रिस्प हे मात्र एकच नव्हेत. ड्राय म्हणजे साखर नाही, क्रिस्प म्हणजे आंबटपणा भरपूर. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रीसलिंग या द्राक्षजातीची काही वाइन सरळसरळ गोड असते आणि तरीही क्रिस्प असते.

## आंबटपणा येतो कुठून

मराठीत ‘आंबवणं’ या शब्दातच ‘आंबट’ बसलेला आहे, त्यामुळे वाइनचा आंबटपणा आंबवण्यातून येत असावा असं सहज वाटतं. पिठाच्या किंवा दुधाच्या बाबतीत ते खरं आहे. वाइनमध्ये मात्र बहुतांश आंबटपणा द्राक्षाने वेलीवरूनच आणलेला असतो.

त्यातली दोन आम्लं महत्त्वाची. टार्टारिक, जे चिंचेतही असतं, आणि मॅलिक, ज्याच्यामुळे हिरवं सफरचंद आंबट लागतं. कच्च्या द्राक्षात दोन्ही भरपूर असतात. द्राक्ष पिकू लागलं की साखर चढते आणि आम्ल उतरतं. टार्टारिक तसं चिवट, ते फारसं हलत नाही. मॅलिक मात्र फळ स्वतःच्या श्वसनासाठी इंधन म्हणून जाळतं, आणि हवा जितकी गरम तितकं हे जळणं जोरात. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असलेल्या भागात दिवसा साखर तयार होते नि रात्री आम्ल वाचतं. क्रिस्प वाइनचे नावाजलेले प्रदेश नकाशावर एकतर थंड अक्षांशांवर, नाहीतर समुद्राजवळ, नाहीतर उंचावर दिसतात ते म्हणून.

कोल्ह्याने आंबट म्हणून सोडून दिलेल्या द्राक्षांकडे वाइनवाला वेगळ्या नजरेने बघतो. साखर पुरेशी चढली आहे आणि आम्ल अजून उतरलेलं नाही, असे हंगामात मोजकेच दिवस मिळतात. ते गाठण्यासाठी काही जण रात्री दिवे लावून तोडणी करतात.

तोडणीनंतरही दोन निर्णय बाकी असतात. पहिला: वाइनमध्ये ठरावीक जिवाणूंना काम करू द्यायचं का? हे जिवाणू तिखट धारेच्या मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे हिरव्या सफरचंदाचं दही करतात म्हणा ना. त्यातूनच शार्डने या द्राक्षजातीच्या काही वाइनना लोण्याचा वास येतो. क्रिस्प वाइन हवी असेल तर अनेकदा ती थंड ठेवून आणि गाळून हे जिवाणू रोखतात. दुसरा निर्णय भांड्याचा. ओक लाकडाच्या नव्या पिंपात ठेवली तर व्हॅनिला, भाजलेल्या पावासारखे वास चढतात. स्टीलच्या टाकीत ठेवली तर वाइन स्वतःच्याच चवीची राहते. क्रिस्प वाइनवाले बहुधा स्टील निवडतात.

आता प्रमाण. अशा वाइनमध्ये लिटरला साधारण ६ ते ९ ग्रॅम आम्ल असतं. लिंबाच्या रसात ते ५० ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे ग्लासातलं लिंबू बरंच पातळ केलेलं आहे. सरबताच्या जवळचं, आंबटढाण नव्हे.

## बाटलीवर कोणती नावं शोधायची

सर्वांत ओळखीचं नाव सोविन्यों ब्लांक. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी सांसेर आणि पुई-फ्युमे ही तिची जुनी घरं. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात ती १९७० च्या दशकात लावली गेली आणि आज त्या देशाच्या वाइन निर्यातीचा बहुतांश भाग हीच एक जात व्यापते. तिला येणारा हिरवट वास कल्पनेतला नाही. ढोबळी मिरचीत जे रसायन असतं तेच या द्राक्षातही असतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग, असलं तरी नाकाला कळतं. मार्लबरोच्या वाइनला येणारा पॅशनफ्रूटचा वास गंधकयुक्त रेणूंचा. द्राक्षात ते बांधलेले, बिनवासाचे असतात. आंबवताना यीस्ट त्यांना मोकळं करतं.

शाब्ली हे दुसरं नाव, आणि यावरून पुष्कळांचा गोंधळ उडतो. शाब्ली ही द्राक्षाची जात नाही, फ्रान्समधलं गाव आहे. तिथली द्राक्षं शार्डने, म्हणजे जिच्या लोण्याच्या, ओकच्या वासाच्या रूपाला कंटाळून लोक ‘मला शार्डने नको’ म्हणतात तीच. थंड प्रदेश आणि ओकचा बेताचा वापर, यामुळे शाब्लीत ती ओळखू येऊ नये इतकी टोकदार होते. जात एकच, पण ती कुठे वाढली आणि कुणाच्या हाती पडली यावर स्वभाव ठरतो.

म्युस्कादे ही लुआर नदी समुद्राला मिळते त्या भागातली. ती हिवाळाभर मेलेल्या यीस्टच्या गाळावर ठेवून मग बाटलीत भरतात. लेबलवर ‘सुर ली’ असं असेल तर त्याचा अर्थ हा. चव साधी, जवळजवळ अबोल. पण कालवांबरोबर हिच्याइतकी चोख क्वचितच दुसरी.

बाकीची नावं चालता चालता: स्पेनच्या गॅलिसियातली आल्बारीन्यो, पोर्तुगालची किंचित फसफसणारी व्हिन्यो व्हेर्दे, इटलीची व्हेर्मेंतीनो आणि गावी, ऑस्ट्रियाची ग्र्यूनर व्हेल्टलिनर (हिला मिरपुडीचा वास येतो आणि तो मिऱ्यातल्याच रेणूमुळे येतो), जर्मनी आणि ऑस्ट्रियाची ड्राय रीसलिंग. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ती ड्राय. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची आसिर्तिको नियमाला अपवाद आहे. रणरणतं ऊन, सोसाट्याचा वारा, वेली जमिनीसरशी टोपलीसारख्या वळवलेल्या, आणि तरीही द्राक्षात आम्ल टिकून.

## ‘मिनरल’ म्हणजे दगडाची चव का?

लेबलांवर क्रिस्पच्या शेजारी हमखास ‘मिनरल’ असतं. शाब्लीबद्दल सांगतात, की तिथल्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या कालवांचे जीवाश्म आहेत, म्हणून वाइनला समुद्राची चव येते. गोष्ट मोहक आहे. जीवाश्म खरे आहेत, चवही खरी आहे, खोटा आहे तो दोन्हींना जोडणारा ‘म्हणून’. वेल मुळांवाटे विरघळलेली मूलद्रव्यं घेते, खडकाची चव घेत नाही, आणि वाइनमध्ये उरणारे क्षार इतके अल्प असतात की ते सहसा जिभेच्या पकडीत येत नाहीत. वेल्समधले भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स माल्टमन हे अनेक वर्षं लिहून सांगत आले आहेत. ओल्या दगडाची आठवण करून देणारं जे काही लागतं, त्यात जास्त आंबटपणा आणि कमी फळवास यांचा हात असावा असं मानलं जातं. शब्द वापरायला हरकत नाही, माती चाटायला जाऊ नये.

## जेवणाशी ती जमते ती का

चवीचं आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम, मांसाचा रस्सा यांची रुचकर चव) अशा पाच चवी मोजतं. तिखट आणि तुरट या त्याच्या लेखी चवी नाहीत, तोंडाला होणाऱ्या संवेदना आहेत. मराठीने मात्र गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा धरल्या. वाइन आणि जेवणाची जोडी लावताना ही आपली जुनी यादीच जास्त उपयोगी पडते, कारण सर्वांत जास्त घोळ तिखट आणि तुरट यांच्यापाशीच होतात.

सुरुवात ‘तोंडाला पाणी सुटणं’ या वाक्प्रचारापासून करू. आंबट जिभेला लागलं की लाळ सुटते. तळलेला मासा, बटाट्याचे काप, लोण्यातली कोंबडी किंवा क्रीम घातलेला पास्ता खाताना चार घासांनंतर तोंडात तेलकट थर बसतो आणि पाचवा घास पहिल्याइतका चविष्ट लागत नाही. आंबट घोट लाळ आणतो, तोंड धुतल्यासारखं होतं, पाचवा घास पुन्हा पहिला होतो. वाइनवर लिहिणारे याला ‘आम्ल चरबी कापतं’ म्हणतात. कापत वगैरे काही नाही. आम्लात तेल विरघळत नाही. साफसफाई लाळ करते, आंबटपणा तिला कामाला लावतो.

मीठ याहून मोठा मित्र. खारट खाल्ल्यावर वाइनचा आंबटपणा मवाळ वाटतो आणि तिच्यातलं फळ पुढे येतं. खारे बदाम, ऑलिव्ह, कालवं, खारवलेले मासे, चिप्सचं साधं पाकीट, सगळ्यांबरोबर हे घडतं. चिप्स आणि उत्तम शाब्ली या जोडीला नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा करून बघावी.

तिसरी गोष्ट, आंबटाबरोबर आंबट. हे उलटं वाटतं, पण सॅलडवर व्हिनेगर असेल, टोमॅटोचा रस्सा असेल, तर वाइन निदान तितकी आंबट हवी. पदार्थ वाइनहून आंबट असला की वाइन पाणचट लागते. सांसेर आणि शेळीच्या दुधाचं चीज ही जुनी जोडी याच न्यायाने जुळते: ताजं चीज आंबूस, खारट आणि स्निग्ध, तिन्ही एकाच वेळी. शाव्हिन्योल या गावाचं शेळीचं चीज प्रसिद्ध आहे आणि ते गाव सांसेरच्याच हद्दीत येतं. शेजाऱ्यांनी एकमेकांची चव वर्षानुवर्षं सांभाळून घेतली.

माशांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे रसायनशास्त्र खरंच गमतीचं आहे. समुद्री माशाला येणारा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या पदार्थाचा. आम्ल भेटलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं, तो उडेनासा होतो, नाकापर्यंत पोहोचत नाही. माशावर लिंबू पिळण्यामागे जगभरच्या स्वयंपाकघरांना हे न शिकता कळलं होतं. आंबट वाइनही तेच करते. मग रेड वाइननेच मासा बिघडल्यासारखा का लागतो? २००९ मध्ये जपानी संशोधकांनी स्कॅलप जातीच्या शिंपल्यांबरोबर अनेक वाइन चाखून पाहिल्या आणि बोट लोहाकडे दाखवलं. वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका तोंडात मागाहून येणारा माशाचा वास जास्त. लोह रासायनिकरीत्या बांधून टाकल्यावर वास कमी झाला. व्हाइटमध्ये लोह सहसा कमी असतं. तेव्हा ‘माशाबरोबर व्हाइट’ या नियमात तथ्य आहे, मात्र कारण रंगात नाही.

त्या नियमाची मर्यादाही आहे. ताटातला पदार्थ कोणता यापेक्षा त्याच्यावर काय घातलंय हे जास्त ठरवतं. तीच कोंबडी लिंबू आणि हिरव्या वनस्पती घालून भाजली तर सोविन्यों, मशरूमच्या दाट रश्श्यात शिजवली तर दुसरं काहीतरी.

## पाच मिनिटांचा प्रयोग

विश्वास ठेवू नका, करून बघा. एक ग्लास क्रिस्प वाइन, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चिमूटभर साखर. आधी नुसता घोट घ्या आणि आंबटपणा लक्षात ठेवा. मग लिंबावर मीठ लावून चाटा आणि पुन्हा घोट घ्या: तीच वाइन गोडसर, गोल वाटेल. पाण्याने तोंड धुऊन थोडी साखर जिभेवर विरघळू द्या आणि परत घोट घ्या. आता ती चिडल्यासारखी आंबट आणि चोथा झाल्यासारखी लागेल. बाटली तीच, पाच मिनिटांत तीन वाइन. जोडी जमवण्याचं जवळपास सगळं शास्त्र या चिमटींमध्ये आहे.

## नियम कुठे तोंडावर पडतो

साखरेच्या प्रयोगाने पहिलं उत्तर दिलंच: गोड पदार्थ. केकबरोबर ड्राय वाइन म्हणजे पेढ्यानंतर चहा, चहात साखर असूनही बिनसाखरेचा लागावा तसं. वाइन पदार्थापेक्षा गोड तरी हवी, नाहीतर नकोच. गोड चटण्या, मध लावून भाजलेलं मांस, इथेही हाच अडथळा.

दुसरं, तिखट. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन चव देत नाही, ते उष्णता ओळखणाऱ्या चेताग्राहकाला फसवतं. हा ग्राहक एरवी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की अल्कोहोलमुळे हा उंबरठा ३४ अंशांपर्यंत खाली येतो. आपलं शरीरच ३७ अंशांचं. म्हणजे तोंडाची नेहमीची उबही पोळू लागते. त्यामुळे तिखटजाळ जेवणावर १४ टक्के अल्कोहोलची ड्राय वाइन म्हणजे आगीत तेल. कमी अल्कोहोलची, किंचित गोड, तरीही आंबट अशी वाइन इथे तारते. मोझेलच्या ‘काबिनेट’ रीसलिंगमध्ये अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या आसपास असतं आणि थोडी साखर शिल्लक असते. तिखटासाठी माझी पहिली पसंती तीच.

तिसरं, निखाऱ्यावर भाजलेलं लाल मांस. इथे वाइन चुकत नाही, फक्त दबून जाते; ढोलापुढे बासरी. टॅनिनचा तुरटपणा मांसातल्या प्रथिनांशी गुंततो आणि मवाळ होतो, म्हणून रेड तिथे शोभते.

काही भाज्याही खोडकर आहेत. आर्टिचोकमधल्या सायनारिनमुळे त्यानंतर पाणीसुद्धा गोड लागतं, मग वाइनची काय कथा. शतावरीच्या कोंबांतले गंधकयुक्त पदार्थ ओकवाल्या वाइनशी भांडतात. हिरवट वासाची सोविन्यों किंवा ग्र्यूनर त्यांच्याशी निभावून नेते.

## ‘हे सगळं थोतांड तर नाही ना?’

रास्त शंका. २००१ मध्ये बोर्दो इथल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली, आणि नंतर तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. लाल झालेल्या वाइनचं वर्णन त्यांनी रेड वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं.

या प्रयोगावरून ‘वाइनचं सगळंच ज्ञान भंपक’ असं म्हणणारे भेटतात. मला त्यातून दिसतं ते थोडं वेगळं. वासांची वर्णनं डळमळीत असतात, आणि ‘कापलेल्या गवतात भिजलेला ग्रेपफ्रूट’ छापाची काव्यं मनावर घ्यायचं कारण नाही. पण आंबट आहे की नाही, गोड आहे की नाही, तुरट आहे की नाही, हे सांगायला काव्य लागत नाही. मीठ-साखरेचा प्रयोग डोळे बांधूनही तसाच लागतो. जोडी जमवायला जीभ पुरते. नाक हा वरचा शौक.

दुसरी शंका: आंबट म्हणजे बिघडलेली का? नाही. बिघडलेल्या वाइनचा आंबटपणा ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा असतो, आणि तो जिभेआधी नाकाला झोंबतो. टार्टारिक आणि मॅलिक यांना वास नाही. वास ताजा आणि चव आंबट असेल तर बाटली ठणठणीत आहे.

## ऊन वाढलं की काय होईल

फ्रान्समध्ये बरगंडीतल्या बोन गावच्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासूनच्या उपलब्ध आहेत. सहा शतकांहून मोठी ही मालिका संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात १९८८ नंतरची तोडणी आधीच्या काळापेक्षा सरासरी १३ दिवस लवकर आलेली दिसते.

लवकर तोडणी म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन कढत दिवसांत पिकणं. साखर झपाट्याने चढते, मॅलिक आम्ल जळून जातं. पूर्ण पिकायची वाट बघावी तर वाइन जड आणि मवाळ होते. आधी तोडावं तर आम्ल मिळतं पण वास कच्चे राहतात. उपाय चालू आहेत: उंचावर नव्या बागा, घडांवर पानांची सावली, उष्णतेत आम्ल राखणाऱ्या जाती. तयार रसात टार्टारिक आम्ल घालणं हा उष्ण प्रदेशांत कधीपासूनचा रिवाज आहे. जे आम्ल द्राक्षात असतंच ते वरून घालणं, लबाडी म्हणावी असं त्यात काही नाही. एरवी थंडीने गारठणाऱ्या दक्षिण इंग्लंडमध्ये आता फसफसत्या वाइनचा धंदा जोमात आहे, आणि त्याला मुख्य आधार तिथल्या द्राक्षांच्या आंबटपणाचाच.

## हलकी म्हणजे निरुपद्रवी का?

चवीला हलकी असली तरी यातही बहुधा ११ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. थंड आणि आंबट असल्यामुळे ती पटकन घशाखाली उतरते, हा उलट धोकाच. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मद्याला १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की मद्याचं पूर्ण सुरक्षित असं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही. जे पीत नाहीत त्यांनी या लेखामुळे सुरू करावं असं काही नाही. लिंबाची फोड बहुतेक सगळं काम करते. पिणाऱ्यांसाठी एक किरकोळ सूचना: ‘दात आंबणं’ हे इथे अक्षरशः खरं आहे. आम्लाने दातांचं वरचं कवच तात्पुरतं मऊ पडतं, तेव्हा प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत. पाण्याने चूळ भरावी.

## बाटली उघडताना आणि उघडल्यावर

तापमान ७ ते १० अंश. घरचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास असतो आणि तितक्या गारठ्यात वास झोपतात, म्हणून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढावी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालावं. नुसत्या बर्फापेक्षा ते लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून टेकतं.

तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरून बाटली ओतून देऊ नका. ते टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार, थंडीने खाली बसलेले. बेकिंगमध्ये वापरतात ते ‘क्रीम ऑफ टार्टर’ म्हणजे हेच. स्क्रूचं झाकण बघूनही नाक मुरडायला नको. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंगवाल्यांनी २००० मध्ये ते एकत्र येऊन स्वीकारलं, कारण बुचामुळे कधीकधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. यातल्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्या. चांगली रीसलिंग आणि वरच्या दर्जाची शाब्ली यांना मात्र वय मानवतं.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीनेक दिवस बरी राहते. त्यानंतर तिची धार जाते, पण ती फेकायची नाही. कांदा-लसूण परतलेल्या भांड्यात ओता, शिंपले किंवा मासा टाका, झाकण ठेवा. अल्कोहोल उकळून सगळं जातं हा समज मात्र खरा नाही. पंधरा मिनिटं शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के उरतं, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांना आधी सांगा. टार्टारिक आम्ल तर उडतच नाही. त्यामुळे रस्सा चाखून बघितल्याशिवाय वरून लिंबू पिळू नका, ते बहुधा आधीच पडलेलं असतं.